कम्युनिटी कॉलेजमधून सायन्स आणि मग ट्रान्सफर: प्लॅन शेवटून मांडायला घ्या

गेले काही महिने आमच्याकडे फोनवर, व्हॉट्सॲपवर, रविवारी जेवताना एकच विषय चालू आहे. माझी भाची खारघरला राहते, बारावीत आहे, पीसीबी. तिला बायोकेमिस्ट्री शिकायचीय आणि अमेरिकेत जाऊन शिकायचीय, आणि चारही वर्षं तिथल्या युनिव्हर्सिटीची फी भरणं ताई-भाऊजींना झेपणारं नाही. म्हणून पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज आणि मग युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला ट्रान्सफर, असं ठरतंय. मी स्वतः केमिस्ट्रीवाली, ठाण्यात बीएस्सी केलं, नंतर बरीच वर्षं रबाळे एमआयडीसीत क्यूसी लॅबमध्ये काढली, त्यामुळे घरातल्या सायन्सच्या सगळ्या गोष्टी माझ्याकडे येतात. ही पण आली. मग मी नीट बसून वाचायला घेतलं आणि जसजशी आत शिरत गेले तसतसं वाटायला लागलं की हे मराठीत कोणीतरी सविस्तर लिहायला पाहिजे, कारण ठाण्या-नवी मुंबईतून अशी मुलं आता बरीच जातायत आणि घरच्यांना मिळणारी माहिती म्हणजे 'दोन वर्षं इकडे, दोन वर्षं तिकडे, खर्च निम्मा' एवढं एकच वाक्य.

आधी त्या नावाचं. कम्युनिटी कॉलेज म्हटलं की आपल्या लोकांचा चेहरा लगेच पडतो. भाऊजींच्या मोठ्या भावाने तर सरळ विचारलं की चांगल्या कॉलेजला ॲडमिशन मिळत नाही म्हणून का. मी त्यांना एवढंच म्हटलं की आपल्याकडे दहावीनंतर पॉलिटेक्निकला डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला इंजिनीअरिंगला जाणारी मुलं बघा, त्यांना कोणी कमी समजतं का? उलट ती मुलं प्रॅक्टिकलमध्ये पुढे असतात असंच सगळे म्हणतात. हे साधारण तसंच आहे. अमेरिकेतलं सगळ्यात जुनं सरकारी कम्युनिटी कॉलेज, इलिनॉयमधलं जोलिएट, १९०१ सालचं आहे, म्हणजे हे काही परवा निघालेलं खूळ नाही. मानवी जीनोमच्या शर्यतीतला क्रेग व्हेंटर आधी कॉलेज ऑफ सॅन मटेओ या कम्युनिटी कॉलेजात शिकला आणि तिथून यूसी, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या, सॅन डिएगो कॅम्पसला जाऊन त्याने बायोकेमिस्ट्रीच केली. स्पेस शटलची पहिली महिला कमांडर आयलीन कॉलिन्स, तीसुद्धा कॉर्निंग कम्युनिटी कॉलेजमधून सिरॅक्यूजला गेलेली. ताईला ही दोन नावं सांगितल्यावर तिचा जीव थोडा भांड्यात पडला.

पण नावाची लाज ही खरी अडचण नाहीच. खरी अडचण अशी की आपण इथे ज्या पद्धतीने डिग्री करतो त्यात प्लॅनिंग नावाची गोष्ट विद्यार्थ्याला करावीच लागत नाही. आमच्या वेळी मुंबई युनिव्हर्सिटीत एफवायला तीन विषय, एसवायला दोन, टीवायला एक, बस. कुठला पेपर कधी, प्रॅक्टिकल कधी, सगळं कॉलेज ठरवणार, टाइमटेबल बोर्डावर लागणार, आपण जाऊन बसायचं. आता एनईपी आल्यावर इथेही क्रेडिट, मायनर वगैरे सुरू झालंय पण तरी साचा कॉलेजच देतं. तिकडे साचा नाही. कॅटलॉगमध्ये शेकडो कोर्स, त्यातून तू निवड, आणि प्रत्येक कोर्सला प्रीरिक्विझिट, म्हणजे अमुक पास झाल्याशिवाय तमुकला बसताच येत नाही. आर्ट्सच्या विषयांत हे थोडं इकडे तिकडे झालं तरी निभावतं. सायन्समध्ये नाही निभावत, कारण सायन्सचे कोर्स एकामागे एक साखळीत असतात आणि पहिली कडी एक टर्म उशिरा पडली की शेवटची कडी दोन वर्षांच्या बाहेर जाते.

ठाण्यात एका कन्सल्टंटकडे ताई आणि भाची जाऊन आल्या होत्या. तिथे त्यांना सांगितलं की काळजी करू नका, साठच्या साठ युनिट्स (युनिट म्हणजे आपल्याकडच्या क्रेडिटसारखं) ट्रान्सफर होतात. हे वाक्य खोटं नाही पण अर्धंच आहे, आणि अर्धं असल्यामुळे जास्त धोक्याचं आहे. युनिट ट्रान्सफर होणं वेगळं आणि तो कोर्स तुमच्या मेजरच्या, म्हणजे डिग्रीच्या मुख्य विषयाच्या, कामी येणं वेगळं. तुम्ही ६० युनिट्स सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी, योगा, फोटोग्राफी असे गोळा केलेत तर ते जातीलही सगळे, कागदावर तुम्ही ज्युनिअर म्हणजे तिसऱ्या वर्षाचे व्हाल, पण बायोकेमिस्ट्रीच्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गात बसायला जे ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि कॅल्क्युलस लागतं ते नसेल तर एकतर त्या मेजरला ॲडमिशनच मिळत नाही, नाहीतर मिळाल्यावर युनिव्हर्सिटीच्या महागड्या फीमध्ये पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे कोर्स करत बसावं लागतं. म्हणजे ज्यासाठी हा सगळा खटाटोप, तेच गेलं.

म्हणून मी म्हणते की कम्युनिटी कॉलेज कुठलं, हा प्रश्न पहिला घ्यायचाच नाही. पहिला प्रश्न, तिसऱ्या वर्षाला कुठल्या युनिव्हर्सिटीत, कुठल्या मेजरला बसायचंय, आणि त्या वर्गात पाऊल ठेवायला काय काय झालेलं लागतं. ती यादी हातात घ्यायची आणि तिथून उलटं पहिल्या टर्मपर्यंत यायचं.

आम्ही कॅलिफोर्निया धरलं कारण भाऊजींचे नातेवाईक बे एरियात आहेत आणि बहुतेक कम्युनिटी कॉलेजांना हॉस्टेल नसतं, त्यामुळे जवळ आपलं कोणीतरी असणं हा मुद्दा मोठा. शिवाय कॅलिफोर्नियात असिस्ट डॉट ऑर्ग नावाची अधिकृत साइट आहे. कुठल्या कम्युनिटी कॉलेजचा कुठला कोर्स यूसी किंवा सीएसयू (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) यांच्या कुठल्या कोर्सच्या बदल्यात चालतो हे मेजरनुसार तिथे फुकट बघता येतं, लॉगिनसुद्धा लागत नाही. मी ज्याला त्याला सांगत सुटलेय की कन्सल्टंटकडे जायच्या आधी एक संध्याकाळ ही साइट उघडून बसा.

खारघरला डायनिंग टेबलवर आम्ही तिघी लॅपटॉप घेऊन बसलो होतो, ताई, भाची आणि मी. वर्ष निवडायचं, कॉलेज निवडायचं, युनिव्हर्सिटी निवडायची, मग मेजर. पान उघडलं की डाव्या बाजूला युनिव्हर्सिटीचा कोर्स आणि उजव्या बाजूला त्याच्या समोर कम्युनिटी कॉलेजचा. दिसायला एकदम सोपं. पण बारीक बघायचं. एका ठिकाणी उजवीकडे दोन कोर्स होते आणि मधे 'अँड' लिहिलेलं, म्हणजे दोन्ही केले तरच समोरचा मिळणार, एक करून निघालात तर काही नाही. भाची म्हणाली, "मावशी, म्हणजे सिरीज अर्धी सोडून कॉलेज बदललं तर गेलं सगळं?" बरोबर पकडलं तिने. आणि एका ठिकाणी उजवीकडे नुसतं 'नो कोर्स आर्टिक्युलेटेड'. म्हणजे त्या कॉलेजात त्या कोर्सच्या तोडीचा कोर्स नाही किंवा असला तरी मान्य केलेला नाही. मग तोच कोर्स शेजारच्या कॉलेजात आहे का बघायचं. हेच मेजर, हीच युनिव्हर्सिटी, पण कॉलेज बदललं की उजवी बाजू बदलते, आणि कॉलेज तेच ठेवून यूसीच्या डेव्हिस कॅम्पसच्या जागी आयर्व्हाईन टाकलं की डावी बाजू बदलते. ताईने सगळ्याच्या प्रिंट काढल्या, भाचीने हायलाइटरने रंगवल्या. त्या कागदांवरून जेवढं कळलं तेवढं कुठल्याही ब्रोशरमधून कळलं नसतं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, सीनियर मुलांचे जुने प्लॅन जसेच्या तसे उचलू नका. जनरल एज्युकेशनचा, म्हणजे मेजर सोडून सगळ्यांना कराव्या लागणाऱ्या कोर्सचा, जो पॅटर्न सगळे आयगेट्सी (IGETC) म्हणून ओळखायचे, त्याच्या जागी २०२५ च्या फॉलपासून, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होणाऱ्या टर्मपासून, कॅल-गेट्सी (Cal-GETC) आलाय. कोर्सचे नंबरही बदलतायत, कारण तिकडच्या सगळ्या कम्युनिटी कॉलेजांना एकच नंबर देण्याचा कायदा २०२१ ला झाला आणि त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने चालू आहे. त्यामुळे चार वर्षांपूर्वी गेलेल्या एखाद्या दादाचा एक्सेल शीट प्रेमाने घ्या पण प्रत्येक ओळ चालू वर्षाच्या पानावर तपासा.

आता केमिस्ट्रीची साखळी बघा, म्हणजे मी एवढा जीव का तोडतेय ते कळेल. सेमिस्टरवाल्या कॉलेजात जनरल केमिस्ट्रीचे दोन भाग, त्यानंतर ऑरगॅनिकचे दोन भाग. एक संपल्याशिवाय दुसरा नाही. म्हणजे पहिला फॉल, पहिला स्प्रिंग, दुसरा फॉल, दुसरा स्प्रिंग, चार सेमिस्टरमध्ये चार कोर्स, एकही रिकामी जागा नाही. आणि बऱ्याच कॉलेजांत जनरल केमिस्ट्रीला बसायच्या आधी एक प्लेसमेंट टेस्ट असते, ती निघाली नाही तर आधी इंट्रोडक्टरी केमिस्ट्री करा म्हणतात. तसं झालं की सगळी साखळी एक सेमिस्टर सरकली. आपल्या बारावीच्या मुलांना ती टेस्ट खरं तर जड नाही, मोल कन्सेप्ट, स्टॉइकिओमेट्री, बॅलन्सिंग, हेच असतं, पण परीक्षा संपल्यावर चार महिने पुस्तक बंद ठेवून गेलात तर तेही अडतं. तुमच्या बारावीबद्दल तिकडे कॉलेज क्रेडिट साधारणपणे मिळत नाही हे आधीच मनात पक्कं करा. बारावीत शिकलेलं परत करायचं असतं, आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, कारण पहिल्या टर्मचे चांगले ग्रेड पुढे फार उपयोगी पडतात, ते का ते खाली सांगते.

लॅबचं पण एक सांगू दे. ऑरगॅनिकची लॅब ही जर्नल कॉपी करून निघणारी गोष्ट नाही. आठवड्यातले कितीतरी तास उभं राहून काम, मग रिपोर्ट. मी स्वतः लॅबमध्ये वर्षानुवर्षं काम केलंय, नवीन आलेली मुलं टायट्रेशनचा एंड पॉइंट घालवताना, रीडिंग बदलून लिहिताना बघितलीयत, आणि मला मनापासून वाटतं की हाताला वळण लागायला वेळ द्यावाच लागतो. म्हणून एका सेमिस्टरमध्ये तीन तीन लॅबवाले कोर्स कोंबून 'दोन वर्षांत उरकलं' म्हणण्यात काही अर्थ नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे खास आपल्याकडच्या मुलांसाठी. मॅथ्स.

आपल्या महाराष्ट्रात अकरावीला मॅथ्स सोडून बायोलॉजी घेता येतं, आणि नीटच्या नादात हजारो मुलं तेच करतात. माझ्या भाचीनेही केलं. दहावीनंतर तिचा मॅथ्सशी संबंध संपला, आणि इथे एमबीबीएस, बीडीएस, बीफार्म, काहीही करायचं असतं तरी तिचं फारसं अडलं नसतं. पण अमेरिकेत बायोलॉजी, बायोकेमिस्ट्री, न्यूरोसायन्स, कुठल्याही चांगल्या युनिव्हर्सिटीत सायन्सची डिग्री घ्यायची तर कॅल्क्युलस लागतंच, बहुतेक ठिकाणी दोन भाग, आणि फिजिक्स पण लागतं, जे काही कॅम्पस कॅल्क्युलसवालंच मागतात. हे ऐकल्यावर भाचीचा चेहरा जो उतरला तो बघून मलाच कसंतरी झालं. तिला वाटलेलं मॅथ्सपासून सुटका झाली.

साखळी अशी. प्रीकॅल्क्युलस, मग कॅल्क्युलस एक, मग दोन. कॅल्क्युलसवालं फिजिक्स घ्यायचं तर त्याच्या आधी किंवा निदान सोबत कॅल्क्युलस एक. म्हणजे मॅथ्स मागे पडलं की फिजिक्स मागे पडतं. पीसीएमच्या मुलाला हे कळतही नाही, तो थेट कॅल्क्युलसला बसतो, बारावीत डेरिव्हेटिव्ह-इंटिग्रेशन झालेलं असतं, आरामात ए काढतो. पीसीबीच्या मुलीला तिथे दोन वर्षांचं अंतर भरून काढायचंय.

त्यात अजून एक भर. कॅलिफोर्नियात एबी १७०५ नावाचा कायदा २०२२ ला झाला, त्यानंतर तिथली कम्युनिटी कॉलेजं सायन्स-इंजिनीअरिंगच्या मुलांना खालच्या मॅथ्समध्ये अडकवून न ठेवता थेट कॅल्क्युलसला बसवण्याकडे वळलीयत, सोबत हवा तर एक सपोर्ट कोर्स देतात. हेतू चांगला आहे, वर्षानुवर्षं मुलं बेसिक मॅथ्समध्येच अडकून कॉलेज सोडायची. पण आमच्या भाचीसारख्या मुलीच्या बाबतीत त्याचा अर्थ असा की तिथे जाऊन निवांत प्रीकॅल्क्युलस करू, हे गृहीत धरता येणार नाही. कॉलेजप्रमाणे नियम बघावा लागेल, आणि थेट कॅल्क्युलसला बसायची वेळ आली तर तयारी इथूनच करून जावी लागेल.

मग आम्ही काय केलं, तर बालभारतीची अकरावीची मॅथ्सची दोन्ही पुस्तकं आणली. ई-बालभारतीवर पीडीएफ फुकट आहेत, पण हातात पुस्तक असलेलं बरं. ट्रिगोनॉमेट्री, फंक्शन्स, लॉगरिदम, कोऑर्डिनेट जॉमेट्री, शेवटी लिमिट्स. प्रीकॅल्क्युलसमध्ये जे असतं ते जवळपास सगळं यात आहे आणि तिला ओळखीच्या पद्धतीने लिहिलेलं आहे. बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चला संपली की ऑगस्टपर्यंत वेळच वेळ आहे, तिकडचा फॉल ऑगस्टच्या शेवटी किंवा क्वार्टरवाल्या, म्हणजे सेमिस्टरपेक्षा छोट्या टर्म असलेल्या, कॉलेजात सप्टेंबरमध्ये सुरू होतो. सध्या बारावीचा अभ्यास सांभाळून ती रोज थोडं थोडं करते, त्यांच्या सोसायटीतले एक निवृत्त सर आहेत, ते शनिवारी तासभर बसतात तिच्यासोबत. पहिले काही आठवडे रडारड झाली. आता साइन-कोसाइनचे ग्राफ न बघता काढते, आणि परवा मला फोन करून म्हणाली की मावशी, पीएच म्हणजे लॉगच आहे ना, मग केमिस्ट्रीत तेव्हा नुसतं पाठ का करून घेतलं आमच्याकडून. इतका आनंद झाला मला.

ज्यांची मुलं आत्ता दहावीत आहेत आणि मनात कुठेतरी परदेशी सायन्सचा विचार आहे त्यांना हात जोडून सांगते, अकरावीला मॅथ्स ठेवा. बायोलॉजी घ्या, पण मॅथ्स सोडू नका. चार विषय जड जातील हे खरं आहे, तरी ठेवा.

आता ग्रेडचं आणि तारखांचं. यूसीचा ट्रान्सफरचा अर्ज आदल्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भरावा लागतो. म्हणजे ऑगस्टमध्ये गेलेली मुलगी दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या सेमिस्टरच्या मध्यावर असतानाच अर्ज भरते, आणि त्या अर्जात पूर्ण झालेले ग्रेड कुठले, तर फक्त पहिल्या वर्षाचे आणि मधल्या समरचे. फॉलचे ग्रेड नंतर जानेवारीत अपडेट करायचे. तर 'पहिलं वर्ष सेटल व्हायला, दुसऱ्या वर्षी जोर लावू' हे इथे चालत नाही, पहिल्याच वर्षावर बराच निकाल लागतो. म्हणून मी म्हटलं की बारावीतलं परत करावं लागलं तर ते ओझं समजू नका.

यूसीमध्ये टॅग नावाची एक सोय आहे, ट्रान्सफर ॲडमिशन गॅरंटी. डेव्हिस, आयर्व्हाईन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ या ६ कॅम्पसपैकी एकाला सप्टेंबर महिन्यात टॅगचा अर्ज करायचा, त्यांनी ठरवलेले कोर्स आणि जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, असेल तर जागा पक्की. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो यात नाहीत. आणि काही मेजर टॅगमधून वगळलेले असतात किंवा त्यांना जीपीए जास्त लागतो, ते दरवर्षी बघायचं. टॅग घेतला तरी नंतरचा नेहमीचा अर्ज भरावाच लागतो, आणि टॅग एकाच कॅम्पसला असला तरी नेहमीचा अर्ज बाकीच्या कॅम्पसना करता येतो. माझ्या मते सायन्सच्या मुलांनी टॅग हा पाया धरावा आणि त्याच्या वर जे मिळेल ते बघावं. यूसीला दुसऱ्या वर्षाच्या स्प्रिंगपर्यंत ७ कोर्सचा एक किमान साचाही लागतो, त्यात इंग्लिश कॉम्पोझिशनचे २ कोर्स आहेत. आपली सायन्सची मुलं इंग्लिश शेवटी ढकलतात. ढकलू नका, पहिल्याच वर्षी करा, तिथे लिहायला शिकलं की लॅब रिपोर्टही सुधारतो.

सेमिस्टर आणि क्वार्टरचा घोळ वेगळाच. डी अँझा, फूटहिल ही कॉलेजं क्वार्टरवर चालतात, सांता मोनिका, डायब्लो व्हॅली सेमिस्टरवर. ६० सेमिस्टर युनिट म्हणजे ९० क्वार्टर युनिट. क्वार्टरमध्ये जनरल केमिस्ट्रीचे तीन तुकडे, ऑरगॅनिकचेही सहसा तीन, त्यामुळे अर्ध्यावरून एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत उडी मारली की तुकडे जुळत नाहीत. सिरीज जिथे सुरू केली तिथेच संपवायची, हा नियम भिंतीवर लिहून ठेवा. वॉशिंग्टन राज्य बघणाऱ्यांना तिथे सायन्ससाठी असोसिएट ऑफ सायन्स ट्रान्सफरचे दोन ट्रॅक मिळतील, पहिला बायोलॉजी-केमिस्ट्री-जिऑलॉजीवाल्यांचा, दुसरा इंजिनीअरिंग-फिजिक्स-कॉम्प्युटर सायन्सवाल्यांचा. तिथला साचा जास्त आखीव आहे, काहींना तेच बरं पडेल.

व्हिसाचे नियम प्लॅनमध्येच बसवावे लागतात. एफ-१ या स्टुडंट व्हिसावर फॉल आणि स्प्रिंगला किमान १२ युनिट घ्यावेच लागतात, आणि त्यात ऑनलाइन एकच कोर्स धरला जातो. कोर्स झेपत नाही म्हणून परवानगी न घेता सोडला आणि १२ च्या खाली गेलात तर स्टेटस धोक्यात. लॅबचे सेक्शन भराभर भरतात आणि नव्या मुलांचा रजिस्ट्रेशनचा नंबर साधारण शेवटी लागतो. पहिल्या टर्मचं रजिस्ट्रेशन कित्येकदा इथूनच करावं लागतं, तिकडे सकाळी ८ ला उघडणार असेल तर उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात, तर त्या वेळी दुसरं काही ठेवू नका, आणि दोन पर्यायी टाइमटेबलं आधी कागदावर करून बसा. केमिस्ट्री आणि मॅथ्स या दोन जागा आधी पकडायच्या, बाकीचं नंतर काहीही मिळतं.

पैशाचं थोडक्यात, कारण त्यावर प्रत्येकाचं गणित वेगळं. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात युनिटला ४६ डॉलर पडतात, हा आकडा ऐकून खूश होऊ नका, बाहेरच्या विद्यार्थ्याला त्याच्या कित्येक पट द्यावे लागतात. तरी युनिव्हर्सिटीपेक्षा पुष्कळ कमी. पण दोन वर्षं तिथे राहिलं म्हणून एफ-१ वरची मुलगी कॅलिफोर्नियाची रहिवासी होत नाही, यूसीला गेल्यावर मूळ फीच्या वर अनिवासी म्हणून वर्षाला ३० हजार डॉलरच्या पुढे जास्तीचे भरावेच लागतात. म्हणजे बचत पहिल्या दोन वर्षांची, पुढच्या दोन वर्षांची सोय आजच मांडून बघायला हवी. दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज करून पैशाअभावी परत यावं लागलं तर हातात दोन वर्षांची असोसिएट डिग्री असेल, ती म्हणजे आपली बीएस्सी नव्हे. ताई-भाऊजींनी यासाठी घराच्या कागदांपर्यंत विचार करून ठेवलाय, आणि हे सगळं भाचीसमोर बोलून ठेवलंय, ते मला फार आवडलं. मुलांना खर्चाचा आकडा माहीत असावा.

आणि दोनाऐवजी अडीच-तीन वर्षं लागू शकतात हेही घरात आत्ताच बोलून ठेवा. तिथल्या सायन्सच्या मुलांना तीन वर्षं लागणं अगदी कॉमन आहे. पीसीबीच्या मुलीला ऑरगॅनिक, फिजिक्स आणि बायोलॉजी अशा तिन्ही लॅब एकाच वेळी करायला लावून जीपीए घालवण्यापेक्षा एक सेमिस्टर जास्त लागलेलं परवडलं. त्या सेमिस्टरचा खर्च बजेटमध्ये आधीच धरा म्हणजे मुलीवर दडपण येत नाही. प्रत्येक कोर्सचा सिलॅबस, पहिल्या दिवशी मिळतो तो, पीडीएफ करून जपून ठेवायला सांगा, राज्याबाहेरच्या किंवा प्रायव्हेट युनिव्हर्सिटीला अर्ज केला तर तेच कागद मागतात.

आमचं घोडं सध्या फिजिक्सवर अडलंय. तिच्या यादीतल्या एका कॅम्पसला साधं फिजिक्स चालतं, दुसऱ्याला कॅल्क्युलसवालंच पाहिजे. साधं घेतलं तर दुसऱ्या वर्षाचा भार बराच हलका होतो पण दुसरा कॅम्पस हातचा जातो. माझं मत कॅल्क्युलसवालं घ्यावं, आणि त्यासाठी कॅल्क्युलस एक पहिल्या वर्षाच्या आत संपवावं, लागलं तर समरमध्ये. ताईला वाटतं की आधीच मॅथ्स नवीन, त्यात हे नको. भाचीने स्वतः त्या कॉलेजच्या ट्रान्सफर कौन्सेलरला मेल लिहिलीय, कोर्सची नावं आणि दोन्ही कॅम्पस टाकून, अगदी नेमका प्रश्न. उत्तर आलं की लिहीनच. तोवर तुमच्यापैकी किंवा तुमच्या ओळखीत कोणी पीसीबीवरून जाऊन कम्युनिटी कॉलेजात कॅल्क्युलसवालं फिजिक्स केलं असेल तर ते ऑरगॅनिक केमिस्ट्रीसोबत केलं की आधी, आणि मॅथ्सची तयारी इथून किती केली होती, हे मला नक्की कळवा.